डिझेल इंजिनाचे दिवे: ठाण्याच्या चरईतल्या टेबलावरच्या नोंदी

६ जुलै २०२४, शनिवार

डिकोडर, म्हणजे मॉडेलच्या पोटात बसून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारा बारका बोर्ड, आला एकदाचा. दोन वर्षं कपाटावर धूळ खात पडलेलं डब्ल्यूडीएम-३ए या भारतीय डिझेल इंजिनाचं मॉडेल आज खाली उतरवलं. खाली अमेरिकन अल्को कंपनीच्या इंजिनाच्या मॉडेलची सहा आसांची जुनी चासी, वर थ्रीडी प्रिंटिंगने काढलेली रेझिनची बॉडी. स्केल एचओ, म्हणजे १:८७. रूळ १६.५ मिलिमीटरचा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस येतात. थोडक्यात, माझं इंजिन पाय आवळून उभं आहे. भारतीय गाड्यांची मॉडेलं करणारे बरेच जण याकडे काणाडोळा करतात, मीही करतो.

मागच्या इंजिनाला आवाज एका संध्याकाळी लागला होता. स्पीकरच्या दोन वायरी, संपलं. दिव्यांनी मात्र पुढचे तीन आठवडे खाल्ले आणि त्यातलं काय कसं केलं हे आता आठवत नाही. म्हणून या वेळी लिहून ठेवतोय.

वायरींचे रंग एनएमआरएने (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने) ठरवून दिलेत, ते आधी. लाल आणि काळी रुळांकडून येतात. नारिंगी आणि करडी मोटरला जातात. पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, हिरवी आणि जांभळी जादा फंक्शनला. राहिली निळी. ती सगळ्या दिव्यांची सामाईक धन बाजू. इथेच नवीन माणूस गोंधळतो. घरात बटण फेजवर असतं आणि न्यूट्रल कायम जोडलेली. इथे उलटा कारभार: निळीत वीज कायम खेळती, आणि डिकोडर प्रत्येक दिव्याची परतीची वाट उघडतो-मिटतो. त्यामुळे दिवा बंद दिसला तरी त्याच्या एका पायात वीज आहे, हे डोक्यात ठेवूनच चिमटा लावायचा.

७ जुलै, रविवार

चासी उघडली. जुनी डीसी चासी (रुळातली वीज थेट मोटरला देणारी, डिकोडर नसलेली) असल्याने दोन दुखणी निघणार हे माहीत होतं, दोन्ही निघाली.

पहिलं मोटरचं. खालचा ब्रश एका पत्र्याच्या पट्टीने थेट चासीला टेकलेला. डीसीवर ते चालतं, कारण चासी हाच एक रूळ. डिकोडर लावायचा तर मोटरच्या दोन्ही टोकांचा रुळाशी काहीही संबंध उरता कामा नये, नाहीतर डिकोडरमधून धूर निघतो आणि तो धूर परत आत भरता येत नाही. पट्टी कापली, खाली कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी पातळ टेप) लावली, मल्टिमीटर बीपवर टाकून दोन्ही ब्रश बाराही चाकांशी तपासले. बीप नाही. नंतर मोटरला बसवून स्क्रू आवळले आणि पुन्हा तपासलं, कारण स्क्रू आवळल्यावर टेप फाटल्याचा अनुभव गाठीशी आहे.

दुसरं दुखणं बल्बचं. कारखान्यातून आलेल्या पट्टीवर १२ व्होल्टचा बारका बल्ब, त्याचा एक पाय चासीला. तो तसाच ठेवून दुसरा पाय पांढऱ्या वायरीला देण्याचा मोह होतो. देऊ नये. आणि बल्ब गरम होतो, रेझिन त्याच्यापुढे मऊ पडतं. पट्टी, बल्ब, सगळं काढून डब्यात टाकलं.

८ जुलै, सोमवार

रात्रभर मुसळधार. मध्य रेल्वे कोलमडली, ऑफिस घरूनच. जेवणाच्या सुट्टीत कागदावर दिव्यांची यादी केली: लाँग हूडचा (केबिनच्या लांब नाकाच्या बाजूचा) हेडलाइट, शॉर्ट हूडचा (आखूड नाकाच्या बाजूचा) हेडलाइट, दोन्ही टोकांचे लाल मार्कर (खुणेचे छोटे दिवे), पिवळा फ्लॅशर, केबिनचा दिवा. पुढचे आणि मागचे मार्कर वेगळे धरले तर सहा आउटपुट हवेत.

डिकोडरला दिव्यांच्या वायरी चार. बोर्डवर आणखी दोन ठिपके आहेत खरे, पण माहितीपत्रक सांगतं की ते लॉजिक लेव्हलचे आहेत, म्हणजे त्यांच्यात दिवा ओढायचा दम नाही, मध्ये ट्रान्झिस्टर लागतो. तिथे निळी आणि एलईडी थेट जोडला तर ठिपका जातो, कधी त्याच्यामागचा प्रोसेसरही. हे बारीक अक्षरात छापलेलं असतं.

शेजारचे काका डोकावले. कल्याणच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्यासमोर माझं इंजिन म्हणजे मास्तरांपुढची वही.

"काका, दोन्ही टोकांचे लाल मार्कर एकाच वायरवर घेतले तर?"

"शंटिंगच्या इंजिनाला दोन्हीकडे लालच असतात रे, ते चालेल. पण मेनलाइनवर लाइट इंजिन निघालं तर पुढे पांढरे आणि मागे लाल."

लाइट इंजिन म्हणजे दिव्यांचं नव्हे, डबे न जोडता एकटंच धावणारं.

"वायरी चारच आहेत हो."

"मग तुझं इंजिन यार्डातच राबू दे."

ठरलं. पांढरी लाँग हूड, पिवळी शॉर्ट हूड, हिरवी चारही लाल, जांभळी फ्लॅशर. केबिनचा दिवा रद्द. "फ्लॅशर मात्र सोडू नकोस," काका जाताना म्हणाले. "गाडीत गडबड वाटली की पहिला हात त्यावर. बाजूच्या लाइनवर समोरून येणारा ते बघूनच गाडी उभी करतो."

१३ जुलै, शनिवार

लॅमिंग्टन रोड. उद्याच्या मेगाब्लॉकची भानगड नको म्हणून आजच. ठाण्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड, परतताना छत्री उलटी झालेली. आणलं ते असं: ०६०३ मापाचे वॉर्म व्हाइट, लाल आणि अंबर एलईडी, पाव वॅटचे रेझिस्टर, इनॅमलची बारीक तार, हीट श्रिंक, १.२७ मिलिमीटर अंतराच्या पिनांची पट्टी. झगझगीत पांढरे एलईडी घेऊ नयेत. जुन्या अल्कोच्या तोंडावर ते मोबाइलच्या टॉर्चसारखे दिसतात.

१४ जुलै, रविवार

आज हिशोब. डिकोडर टेबलावर सुटाच ठेवून रुळाला जोडला, हेडलाइटचं फंक्शन चालू केलं आणि निळी ते पांढरी मोजलं: १३.६ व्होल्ट डीसी. रुळावर १५ च्या आसपास आहेत, बाकीचे आतल्या रेक्टिफायरने खाल्ले. गणित या १३.६ वर करायचं, डब्यावर छापलेल्या आकड्यावर नाही.

सगळीकडे "एक किलोओहम लावा" असा सल्ला मिळतो. एका पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, उरले १०.६, म्हणजे १०.६ मिलिअँपिअर. एलईडी मरत नाही, पण रेझिस्टरमध्ये ०.११ वॅट उष्णता होते. सव्वाशे मिलिवॅटचा चिमुकला रेझिस्टर बंद बॉडीत त्यावर तापून उठेल. आणि एवढ्या उजेडाची गरजच नाही. हल्लीचे एलईडी एक-दीड मिलिअँपिअरवर भरपूर पेटतात.

आपल्या इंजिनांचा हेडलाइट जोडबल्बचा, म्हणून दोन एलईडी एकामागोमाग. दोघांचे ६ व्होल्ट गेले, उरले ७.६. ४.७ किलोओहम लावला, १.६ मिलिअँपिअर. लाल एलईडीला २ व्होल्ट पुरतात. प्रत्येक टोकाचे दोन एकामागोमाग, २.२ किलोओहम, साडेचार मिलिअँपिअरच्या आतबाहेर. अंबर फ्लॅशर एकटा, त्यालाही ४.७.

एक पळवाट लोक वापरतात: प्रत्येक दिव्याला वेगळा रेझिस्टर न देता निळीवर एकच लावायचा. पुढचा आणि मागचा हेडलाइट आळीपाळीने लागतात तोवर हे चालतं. ज्या दिवशी हेडलाइट आणि मार्कर एकत्र लागतील त्या दिवशी दोघं एकाच घासात वाटेकरी होतात, शिवाय लाल कमी व्होल्टचा असल्याने तोच सगळं ओढतो. वेगळाच लावा. रेझिस्टर काही सोन्याचा नाही.

एलईडी जोडताना डोळ्यांची परीक्षा. ०६०३ म्हणजे लांबी १.६ मिलिमीटर, तिळापेक्षा लहान. पाठीवर हिरवी खूण, ती ऋण बाजू, पण सगळे कारखाने ती एकाच पद्धतीने काढत नाहीत. म्हणून मल्टिमीटर डायोडवर ठेवून आधी टोचून बघतो. लाल लगेच मिणमिणतो. पांढऱ्याला काही मीटर पुरे पडत नाहीत, मग ९ व्होल्टची बॅटरी आणि मध्ये १० किलोओहम. एलईडी दुहेरी चिकटपट्टीवर उताणा टाकायचा, इनॅमल तारेचं टोक कथलाच्या गरम थेंबात बुडवून आवरण जाळायचं आणि मग अर्धा सेकंद टेकवायचं. अर्धा सेकंद म्हणजे अर्धाच. दोन एलईडी भाजून काढल्यावर हात बसला.

"डाग देतोस का रे?" आईने विचारलं. "माझ्या पितळेच्या कळशीलाही दे एक." म्हटलं आई, या सोल्डरिंग आयर्नने कळशी गरम व्हायला दिवाळी उजाडेल.

रात्री लाल मार्कर लावून बघितले. मागचे लखलखीत, पुढचे उदबत्तीच्या टोकाएवढे. तासभर जोड तपासले, पुढचे दोन्ही एलईडी बदलले. मग पांढऱ्या उजेडाच्या ट्यूबखाली रेझिस्टर धरला. मागचा लाल-लाल-लाल. पुढचा लाल-लाल-नारिंगी. २२ किलोओहम! टेबललॅम्पच्या पिवळ्या उजेडात लाल आणि नारिंगी सख्खे भाऊ दिसतात. यापुढे प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजूनच लावणार, रंग वाचणं बंद.

१७ जुलै, बुधवार

आषाढीची सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन बसलो ते चार वाजता उठलो.

भूत निघालं. लाँग हूडचा हेडलाइट बंद केला तरी मंद जळत राहतो. फंक्शन चालू केलं की पूर्ण उजेड, बंद केलं की देवघरातल्या रात्रीच्या दिव्यासारखा. इंजिन तोंड फिरवून रुळावर ठेवलं, तसंच. डिकोडर फॅक्टरी रीसेट केला (सीव्ही म्हणजे डिकोडरमधला सेटिंगचा कप्पा; सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं), तसंच. डिकोडर फुकट गेला अशी खात्री झाली होती.

मग बॉडी अर्धवट उचलली आणि दिवा विझला. ठेवली, लागला. एलईडीचा ऋण बाजूचा उघडा जोड चासीच्या नाकाला टेकत होता. चासी एका रुळाला जोडलेली. डीसीसीत (डिकोडरवाल्या डिजिटल पद्धतीत) दोन्ही रुळांची धन-ऋण बाजू सेकंदाला हजारो वेळा अदलाबदल होते. चासीकडचा रूळ ऋण झाला की निळीतून आलेल्या विजेला डिकोडरला न विचारता परत जायला वाट मिळते. धन झाला की वाट बंद. निम्मा वेळ पेटलेला दिवा डोळ्यांना मंद दिसतो. दोन्ही रुळांची पाळी सारखीच असल्याने इंजिन फिरवून फरक पडणार नव्हताच, हे मला आधी सुचायला हवं होतं.

यातून एक गोष्ट कळली. रेझिस्टर एलईडीच्या अलीकडे लावा की पलीकडे, एरवी सारखंच. पण माझा रेझिस्टर निळीच्या बाजूला होता, म्हणून चासीला टेकलेल्या त्या वाटेवरही तो आडवा उभा राहिला आणि एलईडी वाचले. पांढऱ्याच्या बाजूला असता तर १३ व्होल्ट थेट दोन एलईडींवर. आणि निळीच उघडी पडून चासीला लागली असती तर डिकोडरचं काही खरं नव्हतं. सगळे रेझिस्टर निळीला जिथे फांदी फुटते तिथेच, आणि जोडावर हीट श्रिंक. चासीच्या नाकालाही कॅप्टॉन लावली. ही उगाच घेतलेली काळजी वाटते, पण टेप स्वस्त आहे.

२० जुलै, शनिवार

दिवे सगळे बॉडीत, डिकोडर चासीत. मध्ये पाच वायरी. बॉडी उचलताना मागच्या इंजिनात पांढरी दोनदा तुटली होती, म्हणून पिनांच्या पट्टीतून पाच-पाच पिनांचा नर आणि मादी कापून प्लग केला.

क्रम विचार करून ठेवला: पांढरी, हिरवी, मधोमध निळी, जांभळी, पिवळी. प्लग उलटा बसला तरी निळी निळीवरच येते. पांढरी-पिवळी आणि हिरवी-जांभळी यांची अदलाबदल होते एवढंच, जळत काही नाही. निळी कडेला ठेवली असती तर उलटा प्लग म्हणजे दुसऱ्या कडेच्या वायरीवरल्या एलईडींवर उलटे १३ व्होल्ट, आणि हे बिचारे जेमतेम ५ सोसतात. माझा चष्म्याचा नंबर बघता प्लग कधीतरी उलटा बसणारच.

२१ जुलै, रविवार

हेडलाइट लावला तर इंजिनाचं अख्खं नाक उजळलं. रेझिन अर्धपारदर्शक, बाहेरचा रंग पातळ. लेक म्हणाली, "बाबा, आकाशकंदील!" आतून काळ्या अक्रिलिकचे दोन हात.

२५ जुलै, गुरुवार

पाऊस थांबत नाही, रंग वाळत नाही.

२८ जुलै, रविवार

स्पीकर बसवला. पंधरा बाय अकरा मिलिमीटरचा, ८ ओहमचा, मागे बंद डबी. डबीच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी आवाज पत्र्याच्या डब्यातल्या माशीसारखा येतो, म्हणून चारही बाजूंनी पांढरा गोंद. वीस मिनिटांत काम झालं.

मुख्य रुळावर ठेवण्याआधी प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सेटिंग वाचण्या-लिहिण्याच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही ८ वाचून बघितला. उत्तर आलं. तिथे प्रवाह बेताचाच मिळतो, त्यामुळे कुठे शॉर्ट असता तर वाचन फसलं असतं आणि डिकोडर वाचला असता. ही पायरी गाळणाऱ्याने खिशात दुसऱ्या डिकोडरचे पैसे ठेवावेत.

सुरू केलं. सोळा सिलिंडरचं अल्को २५१ मिनिटाला ४०० फेऱ्यांवर आळसावून घुटमळतं तो आवाज खोलीत घुमला आणि आईने स्वयंपाकघरातून मिक्सर बंद आहे ना ते बघितलं.

पुढे दाबलं तर लाँग हूड पुढे धावतं आणि त्याचाच दिवा लागतो. म्हणजे मोटर आणि दिवे एकमेकांशी जुळलेले, फक्त मला शॉर्ट हूड पुढे हवा. हा सीव्ही २९ चा विषय. सध्या ३८ होता (वेगाचे २८ टप्पे, डीसीवरही चालणं आणि इंजिनाचा लांब पत्ता, म्हणजे नंबर, यांचे आकडे मिळून), त्यात १ मिळवून ३९ केला. मोटर आणि दिवे दोन्ही एकदम फिरले. नीट लक्षात ठेवायचं: इंजिन एकीकडे आणि दिवा भलतीकडे असं असेल तर सीव्ही २९ कामाचा नाही, दोघंही फिरतील आणि भांडण तसंच राहील. तेव्हा नारिंगी-करडी किंवा पांढरी-पिवळी बदलावी लागते.

३ ऑगस्ट, शनिवार

फ्लॅशरचं आउटपुट लुकलुकण्यावर टाकलं, पण वेग कुठला? काकांना बोलावलं. त्यांनी टेबलावर बोटाने ठेका धरला. मी सीव्हीचा आकडा वाढवत गेलो, ते मान हलवत राहिले. "हा लग्नाच्या मांडवातला झाला... अजून सावकाश... हां, इथे." आकडा वहीत टिपला.

मग नॉच (इंजिनाच्या ताकदीचे टप्पे) वाढवून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते. "टर्बो उशिरा चढतो, ते बरोबर पकडलंय. धूर कुठाय?"

हेडलाइटची तीव्रता सीव्हीने आणखी निम्मी केली. ४.७ किलोओहमही जास्तच होता. पुढच्या वेळी सरळ १० लावीन.

४ ऑगस्ट, रविवार

आज दीप अमावस्या. आईने समया, निरांजनं, लामणदिवा घासूनपुसून पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "महिनाभर ज्याच्यापायी टेबल अडवलंस तोही आण की. दिवाच आहे ना?"

इंजिन समईशेजारी ठेवलं. "पेटत नाही का?" रुळाशिवाय कसं पेटेल? वीतभर सरळ रूळ पाटावर टाकला, मगरचिमट्यांनी दोन वायरी जोडल्या. लेकीने रिमोट हाती घेतला आणि हेडलाइटऐवजी लाल मार्कर लावले. दोन्ही टोकांना लाल. काका प्रसादाला आले होते. वाकून बघत म्हणाले, "यार्डात उभं आहे. बरोबर आहे."

आईने हळदकुंकू वाहिलं, छतावर, फ्लॅशरला चुकवून. निरांजनातून तुपाचा थेंब रुळावर सांडला आणि दिवे फडफडले, आवाज तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

उद्याचं काम: बाराही चाकं आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसणं. कीप-अलाइव्ह कपॅसिटरसाठी (रुळाचा संपर्क क्षणभर तुटला तरी वीज पुरवणाऱ्या) डिकोडरवर ऋणाचा ठिपका कुठे आहे ते शोधणं. कुंकू ब्रशने काढायचं, ओल्या फडक्याने नाही.